रडत पण नाही

माझे चौदा तास बाद झाल्याचं मला ईमेलवरून कळलं. २०१७ चा मार्च. डेट्रॉईटच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत गाडी लावून, हीटर चालू ठेवून, दोन घरभेटींच्या मधल्या वेळात मी मेथीचा पराठा खात होते. ईमेल अत्यंत सभ्य होतं. ज्या सुपरव्हायझरकडे तुम्ही हे तास घेतलेत, त्यांच्या स्वतःच्या एन्डॉर्समेंटचं नूतनीकरण त्या काळात झालेलं नव्हतं, त्यामुळे हे तास धरता येणार नाहीत. खाली शुभेच्छा.

त्या बाईंच्या कागदाची मुदत संपली होती आणि ते माझ्या अंगावर आलं. पन्नास तास लागतात. त्यातले चौदा गेले, म्हणजे वर्षभर दर तीन-चार आठवड्यांनी घाटातल्या एसटीसारखी गाडी चालवत बर्फातून तिथवर गेले ते सगळं गेलंच. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, पण बोललीस ना त्यांच्याशी? मग ते बोलणं कुठे गेलं?” आईच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

हे तास कसले, ते आधी सांगते. मी मिशिगनमध्ये शून्य ते तीन वर्षांच्या मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम करते. हे वाक्य मी गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत पहिल्यांदा उच्चारलं, तेव्हा हातात वरणाचा डाव धरलेले काका दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, “बाळाला कसलं आलंय मानसिक आरोग्य? त्याला भूक, झोप आणि शी.” मला राग आला नाही, कारण तीस वर्षांची होईपर्यंत माझंही साधारण हेच मत होतं. एमएसडब्ल्यू करून सातारा जिल्ह्यात मी अंगणवाड्यांच्या एका प्रकल्पावर चार वर्षं होते. तराजूच्या काट्याला झोळी टांगायची, झोळीत बाळ ठेवायचं, आकडा वाचायचा, वाढीच्या तक्त्यावर टिंब काढायचं. हिरव्या पट्ट्यात आलं की पुढचं बाळ. शेकडो बाळं मी अशी टांगली असतील. झोळीतलं बाळ कुणाकडे बघतंय, हे मी एकदाही लिहून ठेवलं नाही. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

ज्या राज्यात मी नवऱ्याच्या मोटारीच्या नोकरीपायी येऊन पडले, तिथेच हे काम जन्माला आलेलं आहे, हा निव्वळ योगायोग. सेल्मा फ्रायबर्ग ही डेट्रॉईटमध्येच जन्मलेली बाई. आधी तिने जन्मांध बाळांवर काम केलं. मग १९७२ च्या सुमारास ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, तान्ह्या मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी प्रकल्प सुरू केला. तिची माणसं दवाखान्यात वाट बघत बसली नाहीत, लोकांच्या घरी गेली. स्वयंपाकघरात, भांड्यांच्या ढिगाशेजारी बसून, बाळ मांडीवर असताना आईशी बोलायचं. १९७५ मध्ये तिने दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला, बाळाच्या खोलीतल्या भुतांवरचा लेख आमच्या क्षेत्रात आजही पहिल्या दिवशी वाचायला देतात. भुतं म्हणजे आईबापांच्या स्वतःच्या बालपणातली, न बोलावता पाळण्यापाशी येऊन बसणारी. त्या लेखातली एक आई आपल्या बाळाचं रडणं ऐकूच शकत नाही. बाळ टाहो फोडतंय आणि आई दुसरीकडेच बघतेय. फ्रायबर्गचं म्हणणं असं, की या आईचं रडणं आधी कुणीतरी ऐकलं, तर ती बाळाचं ऐकेल. आणि तसंच झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छान वाटलं, खाली रेघ मारली आणि पुढे गेले. रेघ मारणं फार सोपं असतं.

फ्रायबर्गच्या हाताखाली शिकलेल्या आणि तिच्या कामाने भारलेल्या लोकांनी १९७७ मध्ये मिशिगनमध्ये संघटना काढली. पुढे प्रश्न आला, की हे काम कुणाला येतं हे ओळखायचं कसं? नर्स करते, सोशल वर्कर करते, मानसशास्त्रज्ञ करते. प्रत्येकीचा परवाना वेगळा आणि त्यातल्या एकाही परवान्याला तान्ह्या बाळाशी देणंघेणं नाही. त्यातून २००२ मध्ये ही एन्डॉर्समेंट निघाली. आता अमेरिकेतल्या तीसहून जास्त राज्यांत ती चालते. चार पायऱ्या आहेत. सगळ्यात खालच्या पायरीला पदवी नसली तरी बाळांबरोबर केलेल्या कामाचा अनुभव चालतो, आणि हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गटातल्या दोन अंगणवाडी सेविका आल्या, ज्या बाळाच्या नुसत्या हाताच्या मुठीवरून घरात काय चाललंय ते सांगायच्या. तिसऱ्या पायरीला, म्हणजे मला हव्या असलेल्या, पदव्युत्तर पदवी लागते, दोन वर्षांचं प्रत्यक्ष काम, प्रशिक्षणाचे ठरावीक तास, तीन शिफारसपत्रं, आचारसंहितेवर सही, परीक्षा. आणि ते पन्नास तास. सरकारी विम्यावरच्या कुटुंबांच्या घरी जाऊन शून्य ते तीनचं काम करायचं, तर मिशिगनमध्ये ही एन्डॉर्समेंट लागतेच. तेव्हा हौस म्हणावी तर तशी ती नव्हती, नोकरी होती.

नोकरीपर्यंत पोचायलाच मला आठ वर्षं लागली होती. २००७ मध्ये आले ती एच-४ व्हिसावर, आणि एच-४ वरच्या बायकोने काम करायचं नाही असा कायदा. आधी गंमत वाटली, मग राग आला, मग सवय झाली. त्या रिकाम्या वर्षांत एक शहाणपण केलं, माझ्या एमएसडब्ल्यूचं इथल्या समाजकार्य शिक्षण परिषदेकडून मूल्यमापन करून घेतलं. त्यासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रिका बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर शिक्का मारून हव्या होत्या. वडिलांनी पाच खेपा घातल्या. चौथ्या खेपेला पाकीट मिळालं, पण शिक्का जोडावर नव्हता, बाजूला होता. पदवी ग्राह्य धरली गेली. अंगणवाडीतली चार वर्षं मात्र कुठल्याच रकान्यात बसेनात, ती सोडून दिली.

२०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांच्या एच-४ वरच्या जोडीदारांना कामाची परवानगी मिळायला लागली. आमच्या घरी तेव्हा तीन महिन्यांचं बाळ होतं. आणि आई होती. बाळंतपणाला आलेली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. मुदत वाढवून घेऊन ती ऑक्टोबरपर्यंत राहिली. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तिला ॲमस्टरडॅमच्या विमानात बसवलं आणि दोन आठवड्यांनी मी कामावर रुजू झाले. समाजकार्याच्या मर्यादित परवान्यावर, चार हजार तास पर्यवेक्षणाखाली भरायचे या अटीवर. हे तास वेगळे, त्या पन्नासांशी त्यांचा संबंध नाही. तासांच्या बाबतीत या देशाचा हात धरणारा कुणी नाही.

तर ते पन्नास तास. त्याला रिफ्लेक्टिव्ह सुपरव्हिजन म्हणतात आणि मला त्याला मराठी शब्द सापडलेला नाही. चिंतन म्हटलं तर प्रवचन वाटतं, उजळणी म्हटलं तर पाढे. साहेब आपल्या हाताखालच्या माणसाचं काम तपासतो, तसलं हे नव्हे. तसली तपासणी यात धरतही नाहीत. मैत्रिणींनी एकत्र बसून मन मोकळं केलेलंही धरत नाहीत. स्वतः एन्डॉर्समेंट असलेल्या, ती चालू असलेल्या, अनुभवी माणसासमोर ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी बसायचं आणि एका घरात आपण काय पाहिलं, ते पाहताना आपल्याला काय झालं, हे सांगायचं. दुसरा भाग अवघड.

चौदा तास बाद झाल्यावर मला दुसऱ्या सुपरव्हायझर मिळाल्या. साठी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांच्या, आधी नर्स होत्या. मी त्यांना नावाने हाक मारत असे, इथे तशीच रीत. मनातल्या मनात मात्र “अहो बाई” म्हणायची. महिन्यातून दोनदा, मंगळवारी, लिव्होनियातल्या त्यांच्या छोट्या ऑफिसात. हीटर खडखडायचा. पहिल्या दिवशी मी कागद आधी तपासला. त्यांना म्हटलं, माफ करा, पण तुमच्या एन्डॉर्समेंटची तारीख दाखवता का? त्या हसल्या, ड्रॉवर उघडला आणि दाखवली.

पहिले काही महिने मी त्यांना अहवाल देत होते. बाळाचं वय, वजन, आईचं वय, विमा, धोक्याच्या बाबी. अंगणवाडीचा तक्ताच, फक्त इंग्रजीत. त्या ऐकून घेत आणि मधेच काहीतरी बिनकामाचं विचारत. त्या खोलीत तू कुठे बसली होतीस? बाळाने तुझ्याकडे पाहिलं तेव्हा तू काय केलंस? मला वाटायचं, वेळ भरतायत.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे एक घर होतं. ओळख पटेल असं काही सांगत नाही, काही तपशील बदललेत. आई वीस वर्षांची, एका गोदामात रात्रपाळीला. आठ महिन्यांची मुलगी. तिला जन्मापासून पणजीने सांभाळलं होतं, आणि पणजी तिच्या आजारी बहिणीकडे अलाबामाला निघून गेली होती. डेट्रॉईटच्या कितीतरी काळ्या कुटुंबांचं मूळ घर तिकडे दक्षिणेत असतं, दोन-तीन पिढ्यांपूर्वी मोटारींच्या कारखान्यांसाठी इकडे आलेली माणसं. दुखलं-खुपलं की तिकडे जाणं होतं. बालरोगतज्ज्ञांनी पाठवलं होतं, कारण मुलीचं वजन तीन महिने हललं नव्हतं.

मी दारात बूट काढून गालिच्यावर बसले. मुलगी भिंतीला टेकून बसवलेली, समोर प्लॅस्टिकचा पेला. मी आले म्हणून तिने पाहिलं नाही. आई स्वयंपाकघरात गेली तेव्हा पाहिलं नाही, परत आली तेव्हाही नाही. पेला उचलला, ठेवला. उचलला, ठेवला. आठ महिन्यांच्या बाळाने अनोळखी बाईला बघून तोंड वाकडं करायला हवं, आईच्या पायाशी यायला हवं. ही बँकेतल्या कारकुनासारखी पेला उचलत होती. आई सोफ्यावर फोन बघत म्हणाली, “फार गुणी आहे. रडत पण नाही.”

मंगळवारी मी हे सगळं सांगितलं आणि माझा आवाज चढला. म्हटलं, या आईला कळतच नाहीये. बाळाचं माणूस गेलंय, बाळ सुतकात आहे, आणि ही म्हणते गुणी आहे! वर लगेच कामावर. चार दिवस तरी घरी राहायचं! बाई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “चार दिवस कशासाठी?”

मी म्हटलं, बाळाला कळायला, की आई इथेच आहे.

“तू किती दिवस राहिली होतीस?”

त्यांना माझं काही माहीत नव्हतं. मुलगा आहे एवढंच माहीत होतं. मी म्हटलं, दोन आठवडे. आणि मग मला जे आठवलं, ते मी दोन वर्षं आठवलेलं नव्हतं.

आई गेल्यानंतर मुलगा रोज सकाळी रांगत पाहुण्यांच्या खोलीच्या दाराशी जायचा आणि बंद दारावर तळव्याने थापट्या मारायचा. चार-पाच थापट्या, मग थांबायचा, कान दिल्यासारखा. मग पुन्हा. आम्ही दोघं हसायचो. मी त्याचा व्हिडिओसुद्धा काढला होता, आईला पाठवायला. पाठवला नाही. एक दिवस मी त्या खोलीतली आईची चटई, मालिशच्या तेलाची बाटली, तिने उशाशी ठेवलेली ओव्याची पुडी, सगळं उचलून बेसमेंटमध्ये नेऊन ठेवलं आणि दार उघडं टाकलं. मुलाने आत जाऊन पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो तिकडे गेला नाही. संध्याकाळी आईचा फोन आला, “आठवण काढतो का गं?” मी म्हणाले, “छे! मजेत आहे. रडत पण नाही.”

हे शब्द माझ्याच तोंडून त्या खोलीत आले, इंग्रजीत, आणि मला ते ऐकू आले. हीटर खडखडत होता. मी किती वेळ रडले ते माहीत नाही. बाईंनी टिश्यूचा डबासुद्धा पुढे केला नाही, तो हाताशी होताच. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “त्या वेळी तुझी आई गेली होती. त्याची आजी नव्हे फक्त.”

एवढंच. उपाय नाही, वाचायला लेख नाही. त्या तासाची नोंद माझ्या वहीत ‘१’ अशी आहे.

पुढच्या घरभेटीला मी काहीही तंत्र वापरलं नाही. गालिच्यावर बसले आणि त्या पोरीला विचारलं, तुझी आजी कशी होती? ती म्हणाली, चांगली. मग म्हणाली, मला तिनेच वाढवलंय. मग म्हणाली, तिने जायच्या आदल्या दिवशी मला सांगितलं, आदल्या दिवशी! आणि मग फोन बाजूला पडला. ती रडायला लागली, तोंडावर हात न घेता, लहान मुलं रडतात तशी. तेव्हा पेला खाली राहिला. मुलीने मान वळवून आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मी काही केलं नाही, फक्त म्हटलं, “ती बघतेय तुझ्याकडे.”

पणजीचा एक जुना घरगुती झगा कपाटात होता, तो आईने काढून मुलीच्या अंथरुणात ठेवला. रात्रीच्या फोनवर पणजीचा आवाज ऐकवायला सुरुवात केली. पाच दिवसांनी मला त्या पोरीचा फोन आला, चांगलीच वैतागलेली. “तुम्ही येऊन गेलात आणि ही रडायला लागलीये. थांबतच नाही. मी खोलीबाहेर गेले की किंचाळते. काय केलंत तुम्ही?” गाडी बाजूला घेऊन मी तिला सांगितलं, की ही या महिन्यातली सगळ्यात चांगली बातमी आहे. तिला ते पटलं नाही. वजन पुढच्या तपासणीला वाढलेलं होतं, ते पटलं.

परीक्षेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. परवान्याची वेगळी, एकशे सत्तर प्रश्नांची, चार तासांची, ती २०१८ मध्ये दिली. एन्डॉर्समेंटची पुढच्या वर्षी. तिच्यात पर्यायी प्रश्न असतात आणि काही लेखी, एखादं कुटुंब देतात आणि विचारतात, तुम्ही काय कराल आणि का. अभ्यासाला त्यांनी क्षमतांची यादी दिली होती. सिद्धान्त, कायदे, प्रत्यक्ष सेवा असं सगळं, आणि त्यात एक स्वतंत्र मथळा होता : विचार करणे. नवऱ्याला वाचून दाखवला तर तो म्हणाला, “याचीही परीक्षा घेतात? आमच्याकडे घेत नाहीत, बरंय.” पास झाले. प्रमाणपत्र आलं ते पीडीएफ. आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं. तिने देवापुढे मोबाइल ठेवला, पेढे वाटले आणि विचारलं, “संपलं ना आता सगळं?”

संपत नाही, हीच तर त्यातली मेख आहे. दरवर्षी प्रशिक्षणाचे पंधरा तास आणि सुपरव्हिजनचे बारा तास दाखवल्याशिवाय नूतनीकरण नाही. समाजकार्याचा परवाना दर तीन वर्षांनी, त्याला पंचेचाळीस तास, त्यातले पाच नीतिशास्त्राचे. एकच प्रशिक्षण कधी दोन्हीकडे चालतं, कधी नाही. प्रमाणपत्रावर कुणाचं बोधचिन्ह आहे त्यावर ठरतं. माझ्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे, त्याचं नाव ‘जप’. कारण माळेसारखं मोजतच बसायचं असतं. प्रशिक्षणांचं खरं सांगायचं तर निम्मी कंटाळवाणी. व्हिडिओ चालू ठेवावा लागतो म्हणून चेहरा गंभीर ठेवून मी त्यात लसूण सोललाय. काही मात्र अशी, की संध्याकाळी स्वयंपाक सुचत नाही. २०२० मध्ये घरभेटीसुद्धा पडद्यावर गेल्या तेव्हा मला आठवडाभर एका बाळाची फक्त हनुवटी दिसत होती, आणि आई कॅमेरा हलवायला घाबरत होती, कारण मागच्या भिंतीला ओल होती. त्यावर त्या साली एकही प्रशिक्षण नव्हतं. मंगळवारी बाईंना सांगितलं, त्याही पडद्यावरच होत्या.

त्या बारा तासांवर माझा एक पैचाही आक्षेप नाही. पंधरा कमी करा म्हणा, बाराला हात लावू नका.

आता माझ्याकडेही दोन मुली तास घ्यायला येतात. दोघी खालच्या पायरीवरच्या. पहिल्या दिवशी एकीने चाचरत विचारलं, तुमची तारीख बघू का? तिला कुणीतरी चौदा तासांची गोष्ट सांगितली असणार. मी ड्रॉवर उघडला. माझं नूतनीकरण एका आठवड्याने जरी चुकलं तरी यांचे तास पाण्यात जातील, म्हणून मी फोनमध्ये तीन ठिकाणी आठवण लावून ठेवलीये.

गेल्या डिसेंबरात माझे बारापैकी अकराच तास भरले होते. बाईंना मधे न्यूमोनिया झाला होता. ख्रिसमसनंतर त्यांनी वेळ दिली आणि मी बर्फात लिव्होनियाला गेले. वहीत तीन कुटुंबं लिहून नेली होती. पण आदल्या रात्री साताऱ्याहून फोन आला होता, आई न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला, आणि मला जानेवारीच्या मध्याशिवाय रजा नव्हती. वही मी उघडलीच नाही. चाळीस मिनिटं आईबद्दलच बोलत राहिले. मग घड्याळ दिसलं आणि लाज वाटली. म्हटलं, सॉरी, आज कामाचं काहीच झालं नाही, हा तास धरायला नको.

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, “अजून वीस मिनिटं आहेत. मागच्या वेळी सांगितलं होतंस ते जुळं, त्यांना अंघोळ कोण घालतं म्हणालीस?”